दहावीच्या नोट्स हाताने लिहायच्या की टाइप करायच्या? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली बावीस वर्षं मी आठवी ते दहावीला विज्ञान शिकवते आहे. पूर्वी पालकसभेत हमखास एकच प्रश्न यायचा, "बाई, क्लास लावू का?" आता त्याच्या जोडीला दुसरा येतो, "टॅब घेऊन देऊ का? नोट्स त्यातच काढू दे का?" मुलांचे प्रश्न वेगळे असतात आणि बऱ्याचदा मोठ्यांपेक्षा नेमके असतात. दोघांचेही प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं मुख्यतः राज्य मंडळाच्या दहावीला धरून आहेत, कारण ती परीक्षा मला आतून माहीत आहे.

एका वाक्यात सांगा, हाताने की टाइप करून?

समजण्यासाठी आणि लक्षात राहण्यासाठी हाताने. साठवण्यासाठी, शोधण्यासाठी आणि मैत्रिणीला पाठवण्यासाठी टाइप करून. पण या दोन्हींपेक्षा मोठं काम तिसरंच आहे. वही मिटायची आणि कोऱ्या कागदावर पुन्हा लिहून पाहायचं. तेवढं होत नसेल, तर नोट्स शाईतल्या असोत की स्क्रीनवरच्या, मार्चमध्ये दोन्हींची गत सारखीच होते.

पेपर हातानेच लिहायचा असतो. मग हा प्रश्न उरतोच कुठे?

अर्धा सुटतो, अर्धा उरतो.

सुटणारा अर्धा भाग असा. भाषेचा पेपर ८० गुणांचा आणि तीन तासांचा, म्हणजे एका गुणाला सव्वादोन मिनिटं. विज्ञानाचे दोन भाग, गणिताचे दोन भाग, प्रत्येक ४० गुणांचा आणि दोन तासांचा, म्हणजे एका गुणाला तीन मिनिटं. २०२३ पासून मंडळाने प्रश्नपत्रिका आधी हातात देणं बंद करून शेवटी दहा मिनिटं वाढवून दिली, पण तेवढ्याने फार फरक पडत नाही. या सव्वादोन मिनिटांत प्रश्न वाचायचा, आठवायचं, मांडणी ठरवायची आणि लिहायचं. वर्षभर अंगठ्याने टाइप करणाऱ्या मुलाचा हात दुसऱ्या तासाला बोलायला लागतो. "येत होतं, पण वेळ पुरला नाही" हे वाक्य मी दर वर्षी ऐकते. ते सांगणाऱ्या मुलांची वही पाहिली, तर बहुतेकदा ऑक्टोबरनंतर कोरी असते.

उरणारा अर्धा भाग समजण्याचा. हाताला सवय झाली म्हणून डोक्यात शिरलं असं होत नाही. पुस्तकातला उतारा जसाच्या तसा वहीत उतरवणारी मुलं खूप लिहितात, हातही छान चालतो, आणि प्रश्न थोडा फिरवून विचारला की अडखळतात. म्हणून नुसतं "हाताने लिहा" म्हणून भागत नाही.

यावर खरंच संशोधन झालं आहे का?

झालं आहे. ते नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण त्याचा अर्धाच भाग सगळीकडे फिरत असतो.

२०१४ मध्ये पॅम म्यूलर आणि डॅनियल ओपनहायमर या दोन अमेरिकी संशोधकांचा एक निबंध 'सायकॉलॉजिकल सायन्स' या नियतकालिकात आला. त्यांनी महाविद्यालयीन मुलांना व्याख्यानं दाखवली. काहींनी वहीत टिपणं काढली, काहींनी लॅपटॉपवर. लॅपटॉपवाल्यांची टिपणं लांबलचक निघाली, पण त्यांत वक्त्याचे शब्द जसेच्या तसे जास्त होते. पहिल्या प्रयोगात नावं, सनावळ्या यांसारख्या माहितीच्या प्रश्नांत दोन्ही गट जवळपास सारखे ठरले. कल्पना समजली आहे का, हे तपासणाऱ्या प्रश्नांत मात्र वहीवाले पुढे गेले. मला सर्वांत बोलकी वाटते ती पुढची गोष्ट. एका गटाला मुद्दाम सांगितलं होतं की शब्दशः उतरवू नका, स्वतःच्या शब्दांत लिहा. तरीही लॅपटॉपवर बोटं आपोआप शब्दशःच उतरवत राहिली. कळफलकावर हात वेगाने चालतो, म्हणून निवड करण्याची गरजच भासत नाही.

आता दुसरा अर्धा भाग. २०१९ आणि २०२१ मध्ये वेगवेगळ्या संशोधकांनी हाच प्रयोग पुन्हा करून पाहिला. लॅपटॉपवाले जास्त आणि शब्दशः लिहितात, हे २०२१ च्या प्रयोगातही दिसलं. पण परीक्षेतल्या कामगिरीत म्हणण्यासारखा फरक त्यात आढळला नाही. म्हणजे हाताने लिहिलं की गुण वाढतातच, असं छातीठोकपणे कुणी सांगू नये. मीही सांगत नाही.

मला यातून एवढं घ्यावंसं वाटतं: हात हळू चालतो, आणि तोच त्याचा गुण आहे. बाई बोलताहेत त्यातलं सगळं टिपणं जमणार नाही, हे कळल्यावर मूल ठरवायला लागतं की यातलं काय महत्त्वाचं आणि काय सोडलं तरी चालेल. हे ठरवणं म्हणजेच अभ्यास. ते टाइप करतानाही करता येतं, पण आठवणीने करावं लागतं. हाताने लिहिताना ते करणं भाग पडतं.

हाताने लिहिलं की मेंदू जास्त चालतो, असा व्हिडिओ आमच्या ग्रुपवर आला होता. खरं आहे का?

तो बहुधा नॉर्वेतल्या अभ्यासाबद्दल असणार. ट्रॉनहाइमच्या विद्यापीठात ऑड्री व्हॅन डर मीर आणि त्यांच्या सहकाऱ्याने ३६ विद्यार्थ्यांच्या डोक्याला संवेदकांची जाळी लावून मेंदूतल्या लहरी मोजल्या. तो निबंध २०२४ मध्ये आला. शब्द हाताने लिहिताना मेंदूच्या वेगवेगळ्या भागांतली जोडणी टाइप करतानापेक्षा बरीच व्यापक दिसली. इथपर्यंत खरं आहे.

पण त्या विद्यार्थ्यांनी टाइप केलं होतं ते एकाच बोटाने. आणि त्यांना शब्द किती लक्षात राहिले, हे त्या प्रयोगात तपासलेलंच नव्हतं. म्हणून "टायपिंगने मेंदू झोपतो" असं कुणी पुढे पाठवलं, तर त्यावर विश्वास ठेवू नका. त्यातली एक गोष्ट मात्र टॅबवाल्या पालकांच्या कामाची आहे. लिहिणाऱ्यांनी कागदावर लिहिलं नव्हतं, स्क्रीनवर डिजिटल पेनने लिहिलं होतं.

मग टॅबवर स्टायलसने लिहिलं तर चालेल?

चालेल. अक्षर वळवण्याचं काम हातच करतो आहे. आकृत्या काढता येतात, खोडता येतं, दप्तराचं ओझं कमी होतं. दोन अडचणी आहेत. काच गुळगुळीत असते आणि पेन घसरतं, त्यामुळे कागदावर लागणाऱ्या दाबाची सवय बोटांना होत नाही. उत्तरपत्रिका कागदाचीच असते, म्हणून आठवड्यातले काही तास कागदावरच लिहायला हवं. दुसरी अडचण म्हणजे त्याच टॅबवर सूचना वाजत असतात. अभ्यासाला बसताना इंटरनेट बंद ठेवायचं, एवढा एक नियम पाळला तरी पुष्कळ.

आणि टॅब नसेल तर काहीही अडत नाही. दोनशे पानी वही आणि चालणारं बॉलपेन यावर आजवर लाखो मुलं दहावी झाली आहेत. त्यासाठी कर्ज काढू नका.

नोट्स काढायच्या म्हणजे नक्की काय करायचं? आम्हाला कुणी शिकवलंच नाही.

हे तू अगदी खरं बोललीस. आम्ही शिक्षक "नोट्स काढा" म्हणतो आणि पुढच्या धड्याकडे वळतो. म्हणून इथे जरा थांबू या.

प्रकाशाच्या अपवर्तनाचा धडा घे. माझ्या एका विद्यार्थिनीने त्याची सात पानं टाइप केली होती. पहिलंच वाक्य असं: प्रकाशकिरण एका पारदर्शक माध्यमातून दुसऱ्या पारदर्शक माध्यमात तिरका जाताना त्याची दिशा बदलते, याला अपवर्तन म्हणतात. बरोबर आहे, स्वच्छ आहे. पण मी विचारलं, "तिरका हा शब्द कशाला घातलाय? तो काढला तर काय बिघडेल?" तिला सांगता आलं नाही. ते वाक्य तिच्या बोटांतून गेलं होतं, डोक्यातून नाही.

मग मी तिला पुस्तक मिटायला लावलं आणि अर्ध्या पानात जे आठवेल ते हाताने लिहायला सांगितलं. दोन-तीनदा अडखळून, खाडाखोड करून तिने जे लिहिलं, ते साधारण असं होतं (स्तंभिका म्हणजे पृष्ठभागाला काटकोनात काढलेली रेषा):

हवा → काच. वेग सेकंदाला ३ लाख किमीवरून २ लाखांच्या आसपास.
वेग कमी → स्तंभिकेकडे वळतो. काचेतून बाहेर पडताना उलट, स्तंभिकेपासून दूर.
पण सरळ काटकोनात आत गेला तर? वळत नाही!! फक्त मंदावतो.
म्हणून व्याख्येत "तिरका".

बाजूला काचेची चिप आणि एक वाकडा किरण. त्या दोन उद्गारचिन्हांत सगळा धडा आला. ते पान दिसायला ओबडधोबड होतं, पण सात पानांपेक्षा मोलाचं होतं.

माझी रीत एवढीच आहे. वर्गात शिकवलेलं त्याच दिवशी संध्याकाळी पुस्तक न उघडता अर्ध्या पानात लिहायचं. मग पुस्तक उघडून राहिलेलं दुसऱ्या रंगाच्या पेनने भरायचं. तो दुसरा रंग तुला सांगतो की तुझी गाडी नेमकी कुठे अडते. पानाचा डावीकडचा तिसरा हिस्सा मोकळा ठेवायचा आणि त्यात नंतर प्रश्न लिहायचे: "काटकोनात गेला तर?", "वेग का कमी होतो?" उजळणीच्या वेळी उजवी बाजू पट्टीने किंवा पुठ्ठ्याने झाकून फक्त प्रश्न वाचायचे आणि उत्तर द्यायचं. अशी पानाची विभागणी अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात वॉल्टर पॉक यांनी १९५० च्या दशकात रुळवली. मी ती माझ्या सहकारी बाईंकडून शिकले आणि वर्गात रुजवली.

वाचून वाचून पाठ होतंच की. लिहायला वेळ कुणाला आहे?

वाचताना "हो, हे येतं मला" असं वाटतं, आणि तिथेच फसगत होते. समोर दिसतंय म्हणून ओळखीचं वाटतं. परीक्षेच्या हॉलमध्ये समोर काहीच नसतं.

२००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक या दोघांनी केलेला एक प्रयोग मी दर वर्षी पहिल्या तासाला सांगते. एका गटाने उतारा चार वेळा वाचला. दुसऱ्या गटाने एकदाच वाचला आणि तीन वेळा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं, तर वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं, तर वाचणाऱ्यांना साधारण ४० टक्के आठवत होतं आणि आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. परीक्षा पाच मिनिटांनी नसते, महिन्यांनी असते. म्हणून वाचण्यातला अर्धा वेळ काढून लिहायला दे. वेगळा वेळ काढावा लागत नाही.

क्लासच्या छापील नोट्स आणि पीडीएफ आहेतच. मुलाने पुन्हा का लिहायचं?

त्या नोट्स ज्यांनी तयार केल्या, त्यांचा अभ्यास झाला. चांगल्या असतील तर जरूर ठेवा, तपासून घ्यायला उपयोगी पडतात. पण जेवण दुसऱ्याने चावून दिलं तर पोट आपलं भरेल, दात मात्र कधी बळकट होणार नाहीत. मोबाईलमध्ये पीडीएफचा ढीग साठला की अभ्यास झाल्यासारखं वाटतं, आणि बहुतेक फाइली एकदाही उघडलेल्या नसतात. शंका असेल तर मुलासोबत बसून मोजून पाहा.

मुळात बालभारतीचं पाठ्यपुस्तक संकेतस्थळावर फुकट मिळतं आणि प्रश्न त्याच्या बाहेरचे येत नाहीत. आधी ते.

आणि एआयने काढून दिलेल्या नोट्स?

सारांश मागू नकोस, प्रश्न माग. "या धड्यावर मला दहा प्रश्न विचार, उत्तर लगेच सांगू नकोस" असं म्हणून उत्तरं कागदावर लिही. सारांश काढणं हाच अभ्यासातला कसाचा भाग आहे, तोच यंत्राला दिला तर तुझ्या वाट्याला काय राहणार? शिवाय ही यंत्रं चुकीचं उत्तरही ठामपणे देतात, आणि मराठी पारिभाषिक शब्दांत तर फार गोंधळ घालतात. स्तंभिकेला भलतंच काही म्हटलेलं मी पाहिलं आहे. पुस्तकाशी पडताळल्याशिवाय वहीत काही उतरवायचं नाही.

मराठीत टाइप केल्याने शुद्धलेखन सुधारतं ना? फोन चुका दाखवतो.

फोन चुका दाखवत नाही, तो त्या पुसून टाकतो. तू "पाणि" लिहायला घेतलंस की वर "पाणी" येतं, तू बोट लावतोस आणि पुढे जातोस. दीर्घ कुठे द्यायचा हे ठरवायची वेळच येत नाही. इंग्रजी अक्षरांतून मराठी टाइप करणाऱ्यांचं तर आणखी अवघड. "नदी"तली दी आणि "दिवस"मधली दि त्यांना एकाच कळेने मिळते. मग उत्तरपत्रिकेवर लिहिताना ऱ्हस्व की दीर्घ, रफार कुठल्या अक्षरावर, "आशीर्वाद" की "आर्शिवाद", असं सगळं डोळ्यांपुढे नाचायला लागतं. मराठीच्या कृतिपत्रिकेत लेखननियमांनुसार अचूक शब्द ओळखायला किंवा दुरुस्त करायला सांगतात, आणि निबंध-पत्रलेखनात तर प्रत्येक ओळ नजरेखालून जाते.

जोडाक्षरं हाताने वळवल्याशिवाय बसत नाहीत, असं माझं ठाम मत आहे. मराठी आणि हिंदी या दोन विषयांपुरतं तरी टायपिंग बाजूला ठेवा.

मग टायपिंगचा उपयोग काहीच नाही?

असं मी म्हणणार नाही. चार ठिकाणी मी स्वतः टाइप करायला सांगते. एक, जिथे माहिती वर्षभर वाढत जाते, उदाहरणार्थ सगळ्या धड्यांतल्या व्याख्यांची एकत्र यादी; हवा तो शब्द क्षणात शोधता येतो. दोन, चार मैत्रिणींनी मिळून तयार केलेली प्रश्नपेढी. तीन, प्रकल्पाचं काम. आणि चौथं म्हणजे आजारपणात बुडालेला भाग मागून घेणं.

भूगोलाचं एक उदाहरण देते. दहावीला भारत आणि ब्राझील यांची तुलना आहे. माझ्या वर्गातल्या काही मुलांनी दोन रकान्यांचा तक्ता टाइप करून ठेवला होता: स्थान, हवामान, नद्या, लोकसंख्या, शेती. धडा झाला की त्यात एक ओळ वाढायची. तक्ता सुंदर झाला. पण नकाशा आला की टायपिंग हरतं. विषुववृत्त ब्राझीलच्या उत्तर भागातून जातं आणि मकरवृत्त दक्षिण भागातून, हे वाक्य दहा वेळा टाइप करण्यापेक्षा एकदा हाताने नकाशाचा आराखडा काढून दोन आडव्या रेषा मारल्या की कायमचं बसतं. मग ईशान्येकडचा अवर्षण चतुष्कोनही कुठे येतो ते विचारावं लागत नाही.

बोलून टाइप केलं तर?

ही युक्ती मला आवडते, पण उलट्या बाजूने वापरायची. धडा मोठ्याने वाचून फोनला लिहायला लावू नकोस. पुस्तक मीट, फोनवर मराठी आवाज-टंकलेखन चालू कर आणि धाकट्या बहिणीला समजावल्यासारखा धडा सांग. मग फोनने काय उतरवलंय ते वाच. कुठे "म्हणजे ते... म्हणजे असं की..." आलंय, तिथे तुझं कच्चं आहे. तेवढाच भाग मग हाताने लिही.

गणिताचं काय?

हाताने. दुसरा पर्यायच नाही. भौमितिक रचना कंपासशिवाय येत नाहीत, आणि वर्गसमीकरणं सोडवताना चिन्ह कुठे चुकतं हे स्वतःच्या हाताने केलेल्या पायऱ्यांतच सापडतं. सोडवलेली उदाहरणं व्हिडिओत नुसती पाहणं म्हणजे काठावर बसून पोहणं बघणं.

लिहिताना हात फार दुखतो आणि वेगही कमी आहे. काय करू?

आधी मोजून घे. घड्याळ लाव, येणाऱ्या एखाद्या उत्तरावर दहा मिनिटं लिही आणि शब्द मोज. तारखेसह वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेव. पंधरा दिवसांनी पुन्हा. आकडा समोर असला की धीर येतो.

दुखण्याची कारणं बहुतेकदा साधी असतात. पेन फार घट्ट धरणं हे पहिलं. लिहिताना मागच्या दोन-तीन पानांवर अक्षरं उमटत असतील, तर तू गरजेपेक्षा जास्त दाब देतेस. जरा जाड पकडीचं, सहज चालणारं पेन घे आणि परीक्षेपर्यंत तेच वापर. नवं पेन पेपरच्या दिवशी काढायचं नाही. दुसरं कारण बैठक. पलंगावर पालथं पडून लिहिणाऱ्याचा खांदा भरून येणारच. परीक्षेला बाक असतो, म्हणून घरीही टेबल किंवा निदान उंच पाट घे.

तिसरी गोष्ट शिरोरेषेची, आणि ती फारसं कुणी सांगत नाही. कित्येक मुलं प्रत्येक अक्षरावर वेगळी रेघ मारतात. "अपवर्तन" लिहायला पाच रेघा, पाच वेळा हात वर. आधी पूर्ण शब्द लिहून मग एकच रेघ ओढली, तर पानामागे किती उचल वाचते ते करून पाहा. आपल्याकडच्या जुन्या कारकुनांना हे चांगलं ठाऊक होतं. मोडी लिहिताना ते आधी ओळभर शिरोरेषा आखून घेत आणि मग हात शक्य तितका न उचलता अक्षरं जोडत जात. दफ्तरंच्या दफ्तरं भरली ती या वेगावर. बालबोधीत, म्हणजे आपल्या देवनागरीत, तेवढं जमणार नाही, पण शब्दाला एक रेघ एवढं जमतं.

वेग रोज थोडा लिहूनच वाढतो. दिवसाला एक पान, पण न चुकता. फेब्रुवारीत एकदम तीन तास लिहायला बसलं की मनगट धरतं.

मुलाचं अक्षर अगदी वाईट आहे. गुण जातील का?

अक्षर मोत्यासारखं नको, वाचता येईल असं हवं. दोन शब्दांत अंतर, दोन उत्तरांत एक ओळ मोकळी, प्रश्नाचा क्रमांक ठळक. एवढं केलं तर तपासणाऱ्याला त्रास होत नाही. दहावीच्या वर्षात सुलेखनाचे वर्ग लावू नका.

प्रयत्न करूनही त्याला लिहिताच येत नाही. तोंडी सगळं सांगतो. आळस असेल का?

आळस समजून मारू नका, रागावू नका. हे मी हात जोडून सांगते. तोंडी सगळं येणारं मूल कागदावर अडतं, अक्षरांची अदलाबदल करतं, चार ओळींनंतर थकतं, तेव्हा त्यामागे लेखन-अक्षमता असू शकते. अशी मुलं हुशार असतात, आणि वर्षानुवर्षं बोलणी खाऊन त्यांचा आत्मविश्वास गेलेला असतो. तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्या. अधिकृत प्रमाणपत्र असेल तर मंडळाकडून जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. त्यासाठी शाळेमार्फत आधी अर्ज करावा लागतो, म्हणून नववीतच हालचाल करा. जानेवारीत धावपळ करून उपयोग नसतो.

आणि अशा मुलासाठी वर लिहिलेलं सगळं उलटं करा. त्याला टाइप करू द्या, बोलून लिहू द्या, आकृत्यांतून मांडू द्या. हाताचा हट्ट त्याच्यासाठी नाही. लेखनिक मिळणार असेल, तर उत्तर सावकाश, वाक्यावाक्याने सांगण्याचा सराव मात्र भरपूर हवा. तेही एक वेगळं कौशल्य आहे.

रंगीत पेनं, हायलायटर, सजवलेली पानं यांचा फायदा होतो का?

दोन रंग पुरे. पान सजवण्यात तास जात असेल, तर तो तास अभ्यासाचा धरू नकोस. पानभर पिवळं केलं की महत्त्वाचं काय हे पुन्हा शोधावंच लागतं.

बारावीनंतरची सीईटी संगणकावर असते. मग आतापासून स्क्रीनची सवय नको का?

एमएचटी-सीईटी संगणकावर होते हे खरं. पण तिथे टाइप करायचं नसतं, पर्याय निवडायचा असतो, आणि तो निवडण्याआधीची आकडेमोड कच्च्या कागदावर हातानेच करावी लागते. स्क्रीनवर प्रश्न वाचायची सवय काही महिन्यांच्या सराव चाचण्यांत होते. हाताने पायऱ्या मांडायची सवय दहावीत लागली नाही, तर पुढे फार जड जातं.

आम्ही अमेरिकेत असतो. मुलीच्या शाळेत सगळं लॅपटॉपवरच आहे.

ज्या साधनावर परीक्षा, त्याच साधनावर सराव. तिथली कॉलेजप्रवेशाची सॅट परीक्षा २०२४ पासून पूर्णपणे डिजिटल झाली आहे, तेव्हा तिचा शेवटचा सराव स्क्रीनवरच हवा. समजून घेताना मात्र कागद-पेन जवळ असू द्या. मराठी शाळेचा गृहपाठ हाताने करून घ्याल तर लिपी टिकेल. बोलता येणारी पण लिहिता न येणारी मुलं मी उन्हाळ्याच्या सुट्टीत इथे आलेली पाहते, आणि आजीला चार ओळींचं पत्र लिहिताना त्यांची होणारी ओढाताणही पाहते.

उजळणी किती वेळा आणि कधी करायची?

ज्या दिवशी शिकलीस त्या संध्याकाळी, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने, मग महिन्याने. दर वेळी डावीकडचे प्रश्न पाहून उत्तर द्यायचं. आलं तर प्रश्नापुढे टिंब, नाही आलं तर फुली. दोन फुल्या पडलेला प्रश्न दुसऱ्या दिवशी पुन्हा. यात वेळ फारसा जात नाही, एका धड्याला दहा-पंधरा मिनिटं.

जानेवारी उजाडला आणि माझ्या वहीत काहीच नाही. आता नोट्स काढायला बसू का?

नको. आता नव्या नोट्स काढत बसलीस तर पहिल्या चार धड्यांच्या सुंदर होतील आणि बाकीचे तसेच राहतील.

जुन्या प्रश्नपत्रिका घे. घड्याळ लावून, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून पूर्ण पेपर सोडव. विज्ञानाचा दोन तासांचा, भाषेचा तीन तासांचा, मध्ये न उठता. मग पुस्तक घेऊन स्वतः तपास. जे चुकलं, जे आलं नाही, जे अर्धवट आलं, तेवढंच एका शंभर पानी वहीत हाताने लिही. एका चुकीला चार ओळी, त्याहून जास्त नाही. ही चुकांची वही. दोन पेपरांनंतर तिच्यात दहाएक पानं होतील, आणि त्याच त्या चुका परत येताना दिसतील. पाचव्या पेपरापर्यंत नवी भर कमी व्हायला लागते.

पेपरच्या दिवशी केंद्रावर बाकीचे जाडजूड गाइड चाळत असतील, तेव्हा तुझ्या हातात ही एकच वही असू दे. घंटा होईपर्यंत फक्त परत परत झालेल्या चुकांची पानं बघ आणि वही दप्तरात टाक.